नणंदेला पाठवायचे गढीचे फोटो

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा माझं लग्न झालं आणि मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि दोहोंच्या मधे काळा पडदा लावलेला एक कोनाडा. त्या कोनाड्यात लाल बल्ब लावून फोटो धुतले जात.

पहिल्या महिन्यात मी घरात नुसती बसून कंटाळलेली पाहून हे म्हणाले, "दिवसभर भिंती काय पाहून राहिली? चाल, तुले फोटो धुवाले शिकवतो."

मी शिकले. तबकातल्या औषधाच्या पाण्यात कोरा कागद हलवता हलवता आधी केस दिसायला लागतात, मग डोळे, मग अख्खं माणूस वर येतं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे वण झाकायला शिकले. शेवटी यांनी दोन भिंगांचा मोठा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. त्यात वरून खाली पाहायचं असतं आणि उजवं ते डावं दिसतं. पहिले काही दिवस मी माणसांना उलट्याच बाजूला सरकवत असे.

लग्नाच्या मुली फोटो काढायला यायच्या, त्या माझ्यासमोर मोकळ्या बसायच्या. सौंसरला बाई फोटो काढते, ही गोष्ट लोधीखेड्यापासून रामाकोन्यापर्यंत पसरायला वेळ लागला नाही.

एके दिवशी दसऱ्यानंतर एक म्हातारे कारभारी स्टुडिओत आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री. बाकावर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाले, "गढीवरच्या बाईसाहेबांनी बोलावलं. फोटो काढाचा आहे. पण बाईच पाह्यजे. माणसासमोर त्या येत नाहीत."

त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि मी यांच्याकडे पाहिलं. रामाकोन्याच्या बाजूचं ते खेडं माझ्या आईचं माहेर. म्हणजे कधी काळी होतं. तिचे आईबाप केव्हाच वारले होते, भाऊ नागपूरला गिरणीत गेला होता आणि खालच्या आळीतलं त्यांचं घर जमिनीशी मिळालं होतं. आई पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये कामाला जायची, वडील नगरपालिकेत चपराशी होते. आईच्या तोंडून गढीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिथल्या बाहेरच्या भिंती दरवर्षी पावसाआधी लिंपायला खालच्या आळीतल्या बायांना बोलावणं यायचं. नको म्हणायची सोय नव्हती. आई परकर नेसायच्या वयात तिच्या आईबरोबर मातीच्या पाट्या वाहायची. पण आतलं तिला काही सांगता यायचं नाही. "आतमंदी काय आहे थे आमाले काय मालूम व," म्हणायची. "आमी बाहीरचे."

मी घाबरले होते. हे म्हणाले, "काऊन घाबरून राहिली? तू फोटो काढाले जाऊन राहिली, भिंत लिंपाले नाही."

छोट्या लाईनच्या गाडीनं रामाकोन्याला उतरले, तिथून बैलगाडीनं पुढे. संत्र्यांच्या बागा संपल्या, कापसाची वावरं लागली, आणि एका चढावर गढी दिसली. चार कोपऱ्यांना चार मातीचे बुरूज, खाली दगडाचा पाया, मधे मोठा दरवाजा आणि त्याच्यावर नगारखाना. नैर्ऋत्येच्या बुरुजाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि त्या भेगेतून पिंपळ वर आला होता.

बाईसाहेब आतल्या दरवाजाशी उभ्या होत्या. साठीच्या आसपास असतील. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, पायात काही नाही. मी विचार केला होता त्याच्या निम्म्याच निघाल्या. एवढीशी बाई. मला म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"माहेर पांढुर्ण्याचं."

"कॅमेरा जड आहे. खाली ठेव आधी."

मग त्यांनी मला एक जुना फोटो दाखवला. काच फुटलेली, चौकट वाळवीनं खाल्लेली, पण फोटो अजून स्वच्छ होता. इंग्रजांच्या काळात नागपूरहून फोटोवाला बोलावून काढलेला. चिंचेच्या झाडाखालून घेतलेली अख्खी गढी, चारही बुरूज, वर निशाण, दरवाजासमोर बैलांची दमणी जुंपलेली आणि दमणीत दोन मुली. एकीचं तोंड कॅमेऱ्याकडे, दुसरी तिच्या खांद्याआड लपलेली.

"ही समोर पाहते ती माझी नणंद. लपलेली ती मी. नवीनच लग्न होऊन आले होते. ती माझ्याहून वर्षानं मोठी."

नणंद इंदूरला दिली होती. दरवर्षी भाऊबिजेला माहेरी येत असे. नवरा गेला तरी येत राहिली. इकडे बाईसाहेबांचे यजमानही गेले, तरीही आली. मूलबाळ नव्हतं, जमिनी सीलिंगमध्ये गेल्या, पुतणे नागपूर-भोपाळला राहायला गेले. गढीत उरल्या बाईसाहेब, कारभारी आणि एक स्वयंपाकीणबाई. आणि मागच्या वर्षी इंदूरला नणंद न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता प्रवास बंद.

"तिला यायला जमत नाही, तर आपण पाठवू," बाईसाहेब म्हणाल्या. "या जुन्या फोटोची नवी प्रत कर. आणि जिथून हा काढला तिथूनच आज एक काढ. दोन्ही तिला भाऊबिजेला पोचले पाहिजेत."

मी चिंचेखाली जाऊन उभी राहिले. बाईसाहेब आतल्या दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यापुढे त्या येत नसत, कारण पुढच्या चौकात माणसांची ये-जा. तिथून त्यांनी स्वयंपाकीणबाईच्या तोंडी विचारलं, "बुरुजाची भेग दिसते का?"

मी ओरडून सांगितलं, "दिसते."

"मग थोडी पुढे ये म्हणा."

मी पुढे सरकले. भेग चौकटीबाहेर गेली, पण बुरूजही गेला. फोटोत तीन बुरूज आले. बाईसाहेबांना ते चाललं.

कॅमेऱ्यात शेवटचा फोटो उरला होता. परत जाताना मी पुन्हा चिंचेखाली उभी राहिले आणि अख्खी गढी काढली, भेग आणि पिंपळासकट. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आईला दाखवावं, एवढंच मनात होतं.

पुढच्या वर्षी कारभारी पुन्हा आले. त्या पावसाळ्यात नैर्ऋत्येचा बुरूज खाली बसला होता. बुरूज कोसळला असं तिकडे म्हणत नाहीत, बसला म्हणतात. आणि खरंच तसा दिसत होता, पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याची पांढरी माती उतारावर पसरली होती. बाईसाहेब मला म्हणाल्या, "यंदा आणखी थोडी पुढे ये."

मी त्यांना मागच्या वर्षीचा माझा फोटो दाखवला, चिंचेखालून काढलेला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हा तिला पाठवलास?"

"नाही बाईसाहेब. माझ्यापाशीच आहे."

"तुझ्यापाशीच राहू दे," त्या म्हणाल्या. फोटो मला परत देत म्हणाल्या, "काढत जा तू. पण पाठवू नको."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दरवर्षी भाऊबिजेच्या आधी दोन फोटो. एक जवळून, नणंदेसाठी. एक चिंचेखालून, आहे तसा. पहिल्यात गढी दरवर्षी कमी मावायची आणि दुसऱ्यात आभाळ दरवर्षी जास्त.

इंदूरहून उत्तर यायचं ते नागपूरच्या पुतण्याच्या तोंडी. गढीतलं काय काय बसलं ते आत्याच्या कानी घालायचं नाही, अशी त्याला बाईसाहेबांची ताकीद होती. तो कधी इकडे आला की सांगायचा, "आत्याला फोटो आवडला. विचारत होती, घोड्यांची पागा का नाही दिसत?" बाईसाहेब मला विचारायच्या, "पागा का दिसली नाही म्हणून सांगायचं गं?" मी म्हणायची, "सांगा, कॅमेऱ्यात मावली नाही." पागा दोन वर्षांपूर्वीच बसली होती.

मला मुलगी झाली त्या वर्षी मी जाऊ नये असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. पोर तीन महिन्यांची. पण बाईसाहेबांचं बोलावणं टाळवेना. तेव्हा आई बाळंतपणासाठी सौंसरलाच होती. म्हणाली, "मी येतो संगं. पोरीले मी पकडतो, तू फोटू काढ." मग पदर तोंडावर धरून हळूच म्हणाली, "मलेबी गाव पाहाचं आहे."

बैलगाडीतून खालची आळी दिसली तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं. तिच्या घराच्या जागी कोणीतरी गुरं बांधली होती. गढीसमोर उतरल्यावर ती भिंतीजवळ गेली आणि तिनं भिंतीला तळहात लावला. बाळ खांद्यावर झोपलेलं. "लय वर्सं कोनी लिंपली नाही हे," एवढंच म्हणाली.

मी आत निघाले तर आई पहिल्या दरवाजातच थांबली.

"आई, चाल न."

"तू जाय. मी अथीच बसतो."

आतून बाईसाहेबांनी पाहिलं असावं. स्वयंपाकीणबाई आली. "कोण बाहेर? बाळाला वाऱ्यात का बसवलं?" तिनं बळेच आईला आतल्या चौकात आणलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली.

बाईसाहेबांनी विचारलं, "ही तुझी आई? कुठली?"

मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "मी याच गावची होय बाईसाहेब. खालच्या आळीतली."

स्वयंपाकीणबाई चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती होती तिथंच थांबली. मी इतकी वर्षं त्या घरात फुलांच्या कपात चहा पीत होते, माझी जात मला कोणी विचारली नव्हती, मी सांगितली नव्हती. आईची नजर जमिनीवर नव्हती. ती सरळ बाईसाहेबांकडे पाहत होती.

बाईसाहेबांनी स्वयंपाकीणबाईकडे हात केला. "आण तो ट्रे इकडे." त्यांनी स्वतःच्या हातानं कप उचलला आणि आईच्या हातात दिला. "गावची लेक आहेस. उभी काय राहतेस? बस."

आई बसली. खाटेवर, काठाला. बाईसाहेबांनी बाळ मागितलं, मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "तू आत कधी आलीस याआधी?"

"नाही जी. आमी बाहीरूनच लिंपलं. हा वरचा सज्जा आहे न, त्याच्या मांगून पोरी हासत होत्या, थे आयकू ये. आमी म्हनू, कोन हासून राहिलं?"

बाईसाहेब एकदम हसल्या. "मी आणि वन्सं. आम्ही झरोक्यातून तुम्हाला पाहत बसायचो. तुम्ही पाट्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत असायच्या. वन्सं म्हणायची, आपल्याला का नाही गं जाता येत मातीत?"

"मातीत येऊन कराचं काय होतं?" आई म्हणाली. "हातं फुटत होते आमचे."

बाईसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी आईच्या हातांकडे पाहिलं. बाळ कुरकुरलं तशी त्यांनी त्याला थोपटलं.

निघताना त्या म्हणाल्या, "गावची लेक पहिल्यांदा घरात आली. ओटी भरायला हवी. पण मी ही अशी, माझा हात चालत नाही त्याला."

"आमीबी कुकू लावत नाही आता बाईसाहेब," आई म्हणाली. "बाबासायबाचे होय आमी. ओटी-बिटी सोडली."

"मला भरता येत नाही, तुला चालत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "मग संत्री ने." आणि मागच्या बागेतली पदरभर संत्री त्यांनी आईच्या पदरात घातली. दोघीही तेव्हा हसत होत्या.

बाहेर बसलेल्या बुरुजाजवळ गावकऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. गढीची पांढरी माती वावराला चांगली, धाब्याच्या छताला चांगली. बाईसाहेबांनी कोणाला अडवलं नव्हतं. "पडलेली माती आहे, ज्याला हवी त्यानं न्यावी," असं सांगून टाकलं होतं. आईनं बाळ पोचवायला आलेल्या स्वयंपाकीणबाईकडे देऊन एक ढेकूळ उचललं आणि संत्र्यांबरोबर पदरात बांधलं. पांढुर्ण्याला गेल्यावर तिनं त्या मातीनं चूल सारवली. त्या वर्षीचा चिंचेखालचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात उजवीकडे मातीच्या गाड्या आहेत आणि डावीकडे पाठमोरी, वाकलेली, पदर सावरणारी माझी आई.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत नगारखाना गेला आणि पूर्वेची पूर्ण बाजू गेली. इंदूरला पाठवायच्या फोटोसाठी मी आता इतकी पुढे आले होते की फोटोत आतला दरवाजा आणि त्यात उभ्या बाईसाहेब एवढंच मावत होतं. दरवाजाचं लाकूड सागाचं, नक्षीचं, ते टिकलं होतं. "छान दिसतं की," बाईसाहेब फोटो पाहून म्हणायच्या. "अजून पाच वर्षं निघतील या दरवाजावर."

पण पाच वर्षं निघाली नाहीत. एकदा दिवाळीच्या तोंडावर नागपूरचा पुतण्या येऊन सांगून गेला की आत्या काठी घेऊन चालते आता, आणि भाऊबिजेला ती येणार म्हणते. नागपूरपर्यंत रेल्वेनं, तिथून जीपनं. कोणाचं ऐकत नाही.

मला निरोप आला, ये. मी आदल्या दिवशी गेले. बाईसाहेब चौकात येरझाऱ्या घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काय दाखवू गं मी तिला?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात न."

"मला पाहायला येते का ती? माहेर पाहायला येते." मग खाटेवर बसल्या. "तुझे ते चिंचेखालचे सगळे आणलेस? ते आधी दाखवू. हळूहळू कळू दे. एकदम नको."

ठरलं असं की कारभारी फोटो घेऊन रामाकोन्याच्या फाट्यावर थांबतील आणि जीप आली की आत्याबाईंना ते दाखवतील. पण दुसऱ्या दिवशी जीप आम्ही धरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आली. कारभारी अजून धोतर नेसत होते. मी फोटोंचं पाकीट हातात आणि कॅमेरा गळ्यात अशी चिंचेखाली उभी होते, आणि जीप माझ्यासमोरच येऊन थांबली.

पुढच्या सीटवर उंच, गोऱ्या, चष्मा लावलेल्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी समोर पाहिलं. मातीचे ढीग, त्यावर वाढलेली तरोट्याची झाडं, एक उभा दरवाजा. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "अरे, फाटा चुकलास. ही आमची गढी नव्हे."

ड्रायव्हर म्हणाला, "माँजी, यही है. सब से पूछ के आया."

"नाही. पुढे चल."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. "मुली, गढी कुठे आहे इथली?"

मी मागे पाहिलं. माझं पाहणं बघून त्यांनीही पुन्हा समोर पाहिलं, आणि मग त्यांनी चष्मा काढला. जीपमधून उतरल्या नाहीत. दोन्ही हातांनी काठी धरून बसून राहिल्या. गाडीच्या आवाजानं गावातली माणसं गोळा होत होती. मातीच्या गाड्यावाले थांबले होते.

आणि दरवाजातून बाईसाहेब बाहेर आल्या.

आधी आतला उंबरा, मग पुढचा चौक, मग जिथे बाहेरचा दरवाजा होता ती मोकळी जागा. सगळ्या माणसांसमोरून, अनवाणी, मातीच्या ढिगांवरून वाट काढत त्या भराभर आल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. गाड्यावाल्या माणसांनी माना खाली घातल्या. मी फोटो काढला. त्या चालतच होत्या, त्यामुळे तो फोटो थोडा पुसट आहे. एक पांढरं लुगडं आणि मागे पांढरी माती.

जीपजवळ येऊन त्या म्हणाल्या, "वन्सं, उतरा."

"हे काय गं वहिनी?"

"पडलं सगळं."

"कधी?"

"दरवर्षी थोडं थोडं."

"आणि फोटो?"

"जेवढं उभं होतं तेवढं पाठवलं."

नणंदबाईंचा आवाज चढला. "मला फसवलंस तू. मी तिकडे पलंगावर पडून सगळ्यांना दाखवत होते, माझं माहेर बघा, माझं माहेर बघा."

"काय कळवणार होते? तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, भाऊ नाही पण घर आहे. मग घर गेलं हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला, तो नणंदबाईंनी घेतला नाही. मग त्यांची नजर खाली गेली. बाईसाहेबांच्या पावलांवर. एका पायाला काटा लागून रक्त आलं होतं.

"आणि तू बाहेर कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

बाईसाहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या माणसांकडे. जणू त्यांना आत्ताच कळत होतं. "तुम्ही उतरेनात," त्या म्हणाल्या.

"वेडी," नणंदबाई म्हणाल्या. "मी काय दरवर्षी बुरूज पाहायला येत होते?" आणि त्यांनी काठी माझ्या हातात देऊन बाईसाहेबांच्या खांद्याला धरलं आणि खाली उतरल्या.

त्या दिवशी दुपारी दोघी खाटेवर बसल्या आणि मी चिंचेखालचे फोटो वर्षवार त्यांच्यासमोर मांडले. नणंदबाई एकेक हातात घेऊन विचारायच्या, "हा कोणता पावसाळा?" बाईसाहेब सांगायच्या. पागा बसली त्या रात्री आवाज कसा झाला, नगारखान्यातली पारव्यांची पिल्लं स्वयंपाकीणबाईनं सुपात कशी आणली. मधेच त्या भांडायच्याही. मोराची खिडकी उत्तरेला होती की पूर्वेला, यावर त्यांचं एकमत झालं नाही. आईचा पाठमोरा फोटो पाहून नणंदबाई म्हणाल्या, "ही कोण?" बाईसाहेब म्हणाल्या, "गावची लेक. आपण हसायचो न सज्ज्यातून, ते तिनं खालून ऐकलंय."

"आम्ही काय बोलायचो तेही ऐकलं का?" नणंदबाईंनी मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं."

चार दिवसांसाठी आलेल्या नणंदबाई हिवाळाभर राहिल्या. मी एकदोनदा गेले, कॅमेरा न घेता. उन्हात खाट टाकून दोघी संत्री सोलत बसलेल्या असत. होळी झाली तसं आतल्या खोलीचं छतही झुकायला लागलं. नणंदबाई म्हणाल्या, आता पावसाळा इथे काढायचा नाही, तू माझ्याकडे चल. बाईसाहेब महिनाभर नाही म्हणत होत्या. मग हो म्हणाल्या.

त्यांच्यामागे गढीचं काय झालं तेही सांगून टाकते. दरवाजा पुतण्यानं काढून नेला. कारभारी वर्षभर रोज संध्याकाळी चढावर जाऊन बसत, मग तेही गेले. माती गावानं नेली. आज तिथे चढ आहे आणि चिंच आहे, आणि आजूबाजूच्या वावरांत कुठे कुठे जमीन जरा पांढुरकी दिसते.

इंदूरला जायच्या दिवशी दोघी सौंसरला आल्या. नागपूरची बस दुपारची होती. नणंदबाईंचा हट्ट होता की जायच्या आधी दोघींचा एक फोटो काढायचा, आणि तो स्टुडिओतच. यांनी घाईघाईनं खुर्च्या पुसल्या. आमच्याकडे मागे लावायचा एक रंगवलेला पडदा होता. त्यावर महाल, संगमरवरी जिना, कारंजं, दोन मोर. लग्नाच्या जोडप्यांना तोच हवा असायचा. नणंदबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"ही कोणाची गढी हो?" त्यांनी यांना विचारलं.

हे लाजून म्हणाले, "पेंटर नागपूरचा होता जी."

दोघी इतक्या हसल्या की बाईसाहेबांना ठसका लागला. मग त्या म्हणाल्या, "गुंडाळा तो. मागे काही नको."

मी साधी भिंत ठेवली. बाईसाहेब पहिल्यांदाच एका परक्या माणसाच्या समोर, माझ्या नवऱ्याच्या समोर, खुर्चीवर बसल्या. हे दिवा धरून उभे होते. मी वरून कॅमेऱ्यात पाहिलं. नणंदबाई समोर पाहत होत्या. बाईसाहेबही समोरच पाहत होत्या, कोणाच्या खांद्याआड न जाता. मी म्हटलं, हलू नका. त्या हलल्या नाहीत.

बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. बाईसाहेब बसस्टँडवर यापूर्वी कधी आल्याच नव्हत्या. लग्न होऊन दमणीतून आल्या, नंतर कुठे गेल्या तर पडदा लावलेल्या मोटारीतून, एवढंच. नणंदबाईंनी त्यांना खिडकी दिली. छिंदवाड्याची बस लागली, माणसं तिच्याकडे धावली. संत्र्यांच्या टोपल्या टपावर चढत होत्या, भज्यांच्या गाडीवर कोणीतरी मोठ्यानं हसत होतं, एक बाई पोराला ओढत ओढत नेत होती. बाईसाहेब खिडकीच्या गजाला धरून सगळं पाहत होत्या. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"एवढी माणसं कुठं चाललीत गं?"

"आपापल्या गावाला, बाईसाहेब."

"रोज जातात?"

"रोज."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पाहू लागल्या. बस हलली तेव्हा त्या मला हात करायच्या विसरल्या, कारण पलीकडून एक माणूस डोक्यावर पिंजराभर पोपट घेऊन चालला होता आणि त्या नणंदेचा हात हलवून तिला तो दाखवत होत्या.